बत्तीस वर्षांची गाठ : रमजान, ऑलिंपिक आणि रोजा धरणारे खेळाडू

रमजानच्या महिन्यात सराव करणाऱ्या किंवा स्पर्धेत उतरणाऱ्या मुस्लिम खेळाडूंवर जे लेखन सहज सापडते, ते बहुतेक आहारशास्त्राचे असते. सेहरीला काय खावे, पाणी किती प्यावे, व्यायाम कधी करावा. ते उपयोगाचे आहे आणि त्यातले थोडे या टिपणातही येईल. पण या टिपणाचा मुख्य प्रश्न इतिहासाचा आहे. धर्माचे वेळापत्रक आणि स्पर्धेचे वेळापत्रक एकमेकांवर आले, तर त्याचा भार आजवर कोणी उचलला? एकट्या खेळाडूने, त्याच्या संघाने, की वेळापत्रक आखणाऱ्या संस्थेने? गेल्या पाऊणशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर बदलत गेले आहे. ते कसे बदलले, हे आपण पाहणार आहोत.

मी रायपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे सुरुवात गणिताने करतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी घाबरू नये, गुणाकाराच्या पलीकडे यात काही नाही.

आधी पंचांग

हिजरी वर्ष पूर्णपणे चांद्र आहे. चंद्राचा एक महिना सरासरी २९.५३ दिवसांचा, म्हणून बारा महिन्यांचे वर्ष सुमारे ३५४.३७ दिवसांचे. आपले मराठी पंचांगही महिने चंद्रावरच मोजते, पण अधूनमधून अधिक महिना घालून ते सूर्याशी जुळवून घेते. म्हणून दिवाळी कधी मे महिन्यात येत नाही. हिजरी पंचांगात अधिक महिना नाही. परिणामी रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे सरकतो आणि सगळ्या ऋतूंतून फिरतो. रायपुरात २०१८ साली तो मे-जूनच्या होरपळीत होता. २०२६ साली तो फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होऊन मार्चमध्ये संपला.

आता तेहतीस चांद्र वर्षे घ्या : ३३ गुणिले ३५४.३७ म्हणजे सुमारे ११,६९४ दिवस. बत्तीस सौर वर्षे : ३२ गुणिले ३६५.२५ म्हणजे ११,६८८ दिवस. फरक अवघा सहा दिवसांचा. म्हणजे रमजान दर बत्तीस वर्षांनी जवळजवळ त्याच तारखांना परत येतो, सहा दिवस पुढे. आणि बत्तीसला चारने भाग जातो! ऑलिंपिक चार वर्षांनी येते, तेव्हा एकदा रमजान आणि ऑलिंपिक यांची गाठ पडली की बत्तीस वर्षांनी ती पुन्हा पडणारच. स्वातंत्र्यानंतरची सगळी उन्हाळी ऑलिंपिक तपासली, तर ही गाठ तीनदाच पडलेली दिसते : लंडन १९४८, मॉस्को १९८०, लंडन २०१२. त्याआधी १९१६ साली रमजान जुलैच्या आरंभी लागला होता, पण बर्लिनचे ते ऑलिंपिक महायुद्धामुळे झालेच नाही.

एक गोष्ट आणखी. रोजा पहाटेच्या पहिल्या उजेडापासून सूर्यास्तापर्यंत असतो. अन्न नाही आणि पाणीही नाही. त्याची लांबी ठरते अक्षांशावर आणि ऋतूवर. रायपूरचा अक्षांश सव्वाएकवीस अंश. इथे सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आतच असतो, आणि पहाटेचा वेळ धरून रोजा फार तर पंधरा तासांचा होतो. हिवाळ्यात तो बारा तासांवर येतो. लंडनमध्ये जुलैअखेरचा रोजा सतरा-अठरा तासांचा. मॉस्कोत तर जुलैच्या शेवटापर्यंत पूर्ण काळोखी रात्र होतच नाही, क्षितिजावर उजेड राहतोच. तिथे पहाट कधी मानायची हाच प्रश्न पडतो आणि त्यासाठी गणनेचे वेगळे संकेत वापरावे लागतात. (रेखांशाने मात्र लांबी बदलत नाही. मुंबईपेक्षा रायपूर पावणेनऊ अंश पूर्वेला आहे, म्हणून इथे इफ्तार सुमारे पस्तीस मिनिटे आधी होते, पण सेहरीही तितकीच आधी संपते. दर रमजानात वर्गात कोणी तरी म्हणतोच की रायपूरवाल्यांचा रोजा लवकर सुटतो.)

लंडन, १९४८

हे ऑलिंपिक २९ जुलै ते १४ ऑगस्टपर्यंत चालले. हिजरी १३६७ चा रमजान ८ जुलैच्या सुमारास लागला होता आणि ईद ७ ऑगस्टच्या आसपास आली. म्हणजे स्पर्धेचे पहिले नऊ-दहा दिवस रमजानात गेले.

स्वतंत्र भारताचे हे पहिले ऑलिंपिक. आपल्या भागाला त्याचा एक धागा जोडलेला आहे. हॉकी संघातला लेस्ली क्लॉडियस हा बिलासपूरचा, आणि तेव्हा बिलासपूर, रायपूर, नागपूर हे सगळे एकाच मध्य प्रांत-वऱ्हाडात होते. त्याच संघात अख्तर हुसेन आणि लतीफ-उर-रहमान हे दोन खेळाडू होते. भारताचे साखळी सामने रमजानात झाले. उपांत्य सामना आणि १२ ऑगस्टचा ब्रिटनविरुद्धचा अंतिम सामना ईदनंतर. तो ४-० असा जिंकून भारताने सुवर्णपदक मिळवले. पुढे अख्तर हुसेन आणि लतीफ-उर-रहमान पाकिस्तानात गेले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानकडून रौप्यपदक जिंकले. उलट बाजूही पाहा : १९४८ च्या पाकिस्तान संघाचा कर्णधार अली दारा हा १९३६ साली बर्लिनमध्ये भारताकडून सुवर्णपदक जिंकलेला खेळाडू होता. फाळणीला एक वर्षही पूर्ण झाले नव्हते. त्या उन्हाळ्यात ही माणसे कोणत्या देशाची, हा प्रश्न इतका मोठा होता की ती दुपारी पाणी पितात की नाही, हे विचारायला कोणाला सवड नसणार.

मराठी वाचकाला त्याच ऑलिंपिकमधले दुसरे नाव ओळखीचे आहे : कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडनला गेले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. मातीतून एकदम मॅटवर उतरलेल्या मल्लाला ही कामगिरी लहान नव्हती. त्यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्या जुलैच्या शेवटच्या तीन दिवसांत झाल्या. त्याच फ्रीस्टाइलमध्ये तुर्कस्तानच्या मल्लांनी चार सुवर्णपदके घेतली आणि पुढच्या आठवड्यात ग्रीको-रोमनमध्ये आणखी दोन. तुर्कस्तानची ती सहाही सुवर्णपदके रमजानच्या महिन्यातली आहेत.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी, कारण परीक्षेत विद्यार्थी नेमके इथेच घसरतात. रमजानचा महिना होता आणि मल्ल मुस्लिम देशाचा होता, एवढ्यावरून तो उपाशीपोटी कुस्ती खेळला असे लिहिता येत नाही. इस्लामी नियमातच प्रवाशाला आणि आजाऱ्याला सवलत आहे. कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यात, १८४ आणि १८५ या आयतांमध्ये ती सांगितलेली आहे : राहिलेले रोजे नंतर तितकेच दिवस धरून भरून काढायचे. त्याला कजा म्हणतात. ज्याला ते मुळीच शक्य नाही त्याने गरिबाला जेवू घालायचे, त्याला फिदया म्हणतात. लंडनला गेलेला खेळाडू प्रवासी असतोच. तेव्हा रोजा धरणारा आणि न धरणारा, दोघेही नियमाच्या आतच असू शकतात. निकालपत्रकात वजन, वेळ आणि गुण यांचे रकाने असतात, रोज्याचा रकाना नसतो.

युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या ब्रिटनमध्ये तेव्हा अन्नावर रेशन होते. खेळाडूंना गोदी कामगार आणि खाणकामगारांइतके वाढीव रेशन मंजूर झाले. खेळाडूच्या पोटात काय जाते हा संयोजकांचा प्रश्न आहे, हे तेवढ्यापुरते मान्य झाले. पण तो हिशेब उष्मांकांचा होता. घड्याळाचा हिशेब ज्याचा त्याच्यावर राहिला.

ही एकट्याची जबाबदारी आधीच्या दशकांत फारशी जाणवली नसावी, त्याचे कारण पुन्हा पंचांगात आहे. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्ता फुटबॉल लीग जिंकली. लीग पावसाळ्याच्या आगेमागे होई आणि त्या वर्षांत रमजान ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येत होता. गाठच पडली नाही. मुंबईच्या चौरंगी आणि पंचरंगी क्रिकेट स्पर्धांचा मोसम हिवाळ्याचा, पण तिथे दिवस अकरा तासांचा. चाळिसाव्या दशकाच्या अखेरीस रमजान जुलै-ऑगस्टमध्ये उतरला तेव्हा चित्र बदलले.

मॉस्को, १९८०

ही गाठ सर्वांत घट्ट होती. रमजान १४ जुलैच्या सुमारास लागला, स्पर्धा १९ जुलै ते ३ ऑगस्ट, म्हणजे अथपासून इतिपर्यंत रमजानात. तरीही या ऑलिंपिकच्या इतिहासात रमजानचा उल्लेख अपवादानेच येतो, कारण त्याला झाकून टाकणारी एक मोठी घटना घडली होती. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. जानेवारीत इस्लामाबादला इस्लामी देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांची तातडीची बैठक झाली आणि तिने मॉस्कोला न जाण्याचे आवाहन केले. पाकिस्तान, इंडोनेशिया, इजिप्त, तुर्कस्तान, मोरोक्को, सौदी अरेबिया असे अनेक देश गेलेच नाहीत. ज्यांच्या खेळाडूंना रोज्याचा प्रश्न पडला असता, त्यांतले बरेचसे घरीच राहिले.

भारत गेला. २९ जुलैला हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताने स्पेनला ४-३ असे हरवले; हॉकीतले भारताचे ते आजवरचे शेवटचे ऑलिंपिक सुवर्णपदक. चौथा गोल वाराणसीच्या मोहम्मद शाहिदचा. तो तेव्हा वीस वर्षांचा होता. डाव्या बगलेवर जफर इक्बाल होता. या दोघांची जोडी पुढे कितीतरी वर्षे भारतीय हॉकीचा चेहरा होती आणि आमच्या रायपूर-राजनांदगाव पट्ट्यातल्या हॉकीवेड्या पिढीने त्यांचा खेळ आकाशवाणीच्या समालोचनात ऐकला. त्या समालोचनात गोल होते, ड्रिब्लिंग होते, पेनल्टी कॉर्नर होते. धर्म कोणी विचारला नाही ही त्या काळाची एक चांगली बाजू. त्याचबरोबर, रोजा धरायचा की कजा करायची हा निर्णय घेताना खेळाडूला वैद्यकीय सल्ला देईल अशी कोणतीही व्यवस्था जागतिक पातळीवर तेव्हा उभी राहिलेली नव्हती, ही दुसरी बाजू.

लंडन, २०१२

या वेळी गाठ पडणार हे सहा वर्षे आधीच बोलले गेले. २००६ मध्ये ब्रिटनमधल्या मुस्लिम संघटनांनी तारखांवर आक्षेप घेतला. तारखा बदलल्या नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने यजमान शहराला १५ जुलै ते ३१ ऑगस्ट हीच खिडकी दिली होती, आणि त्या वर्षी रमजान २० जुलैच्या सुमारास सुरू होऊन १८ ऑगस्टपर्यंत चालला. खिडकी का ठरलेली असते याचे उत्तर धर्मात शोधू नये. ते दूरचित्रवाणीच्या हक्कांत आणि मोठ्या व्यावसायिक लीगच्या मोसमांत आहे.

तारखा हलल्या नाहीत, पण इतर गोष्टी हलल्या. ऑलिंपिक समितीच्या पोषणविषयक कार्यगटाने २००९ मध्ये रमजान आणि क्रीडाकौशल्य या विषयावर तज्ज्ञांची बैठक घेतली; ब्रिटनचे प्राध्यापक रॉन मॉन तिचे नेतृत्व करत होते. खेळाडूंच्या निवासात भोजनगृह चोवीस तास उघडे ठेवले गेले, हलाल जेवण आणि रोजा सोडण्यासाठी खजूर-पाण्याची पाकिटे ठेवली गेली. सुमारे तीन हजार मुस्लिम खेळाडू येतील असा अंदाज होता. १९४८ च्या लंडनपासून हे अंतर बरेच आहे : या वेळी घड्याळाचा हिशेब संयोजकांच्या टेबलावर आला.

आणि मग खेळाडूंनी काय केले? प्रत्येकाने वेगळे. ब्रिटनच्या मो फराहने स्पर्धा संपेपर्यंत रोजे पुढे ढकलले आणि ५,००० व १०,००० मीटरची दोन्ही सुवर्णपदके जिंकली. ब्रिटनचाच नौकानयनपटू मो स्बिही याने चुकलेल्या रोज्यांच्या बदल्यात मोरोक्कोतल्या गरिबांना जेवण देण्याचा मार्ग घेतला. मलप्पुरमचा के. टी. इरफान ४ ऑगस्टला वीस किलोमीटर चालण्याच्या शर्यतीत राष्ट्रीय विक्रमासह दहावा आला.

ऑलिंपिकच्या तोंडावर त्याच शहरात एक दंतकथाही जन्माला आली. ओव्हलच्या मैदानावर १९ ते २३ जुलैच्या कसोटीत हाशिम आमलाने इंग्लंडविरुद्ध नाबाद ३११ धावा केल्या, तेरा तासांहून जास्त काळ फलंदाजी केली. दक्षिण आफ्रिकेचे ते पहिले त्रिशतक. रमजान त्या कसोटीतच लागला होता. रोजा धरून त्रिशतक, ही बातमी जगभर पसरली आणि आजही पसरते आहे. खुद्द आमलाने सांगितले होते की आपण प्रवासात असल्याने रोजे धरलेले नाहीत, घरी गेल्यावर ते भरून काढू. ३११ धावा त्यामुळे एकाने कमी होत नाहीत. पण चाहत्यांना चमत्कार हवा असतो आणि त्या भरात नियम पाळणाऱ्या माणसाचा साधा शब्द कोणी ऐकत नाही. याउलट हकीम ओलाजुवॉन या बास्केटबॉलपटूचे उदाहरण पक्के आहे : फेब्रुवारी १९९५ चा महिना जवळजवळ पूर्ण रमजानात गेला, तो रोजे धरून खेळला आणि त्या महिन्याचा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

प्रयोगशाळा काय सांगते

हा भाग मी थोडक्यात घेतो. फुटबॉलच्या जागतिक महासंघाच्या वैद्यकीय केंद्राने अल्जीरियाच्या व्यावसायिक संघांवर आणि ट्युनिशियाच्या तरुण खेळाडूंवर अभ्यास करवून घेतले. अल्जीरियात वेग, चपळता आणि दमसास घटलेला आढळला. ट्युनिशियात सराव, झोप आणि जेवण यांच्या वेळा नीट बसवल्यावर घट फारशी दिसली नाही. दोन्ही निष्कर्ष खरे असू शकतात. कारण कामगिरी फक्त भुकेने घटत नाही. निम्मे काम पाणी करते आणि उरलेल्यातले बरेचसे झोप. साठ किलो वजनाच्या खेळाडूचे सव्वा लिटर पाणी घामावाटे गेले की शरीराचे वजन दोन टक्क्यांनी उतरते आणि दमसासावर परिणाम दिसू लागतो. रायपूरच्या मे महिन्यात कडक सरावाच्या एका तासात हे सहज होते. म्हणून शहाणे प्रशिक्षक या महिन्यात कडक सराव इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी घेतात, किंवा हलका सराव इफ्तारच्या अगदी आधी, म्हणजे संपताच पाणी मिळते. सरावाआधी आणि नंतर वजन करून वहीत लिहिणे, हा बिनखर्चाचा उपाय आहे. इफ्तारला तळणावर ताव मारून रात्रीचा सराव बुडवणारेही असतात. एकादशी आणि दुप्पट खाशी ही काही एकाच धर्माची गोष्ट नाही.

दोन मिनिटांचा प्रश्न

ऑलिंपिक बत्तीस वर्षांनी भेटते, पण व्यावसायिक फुटबॉलचा मोसम जवळजवळ वर्षभर चालतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न दरवर्षी येतो. खऱ्या अर्थाने नियम तिथे घडले.

ऑगस्ट २००९ मध्ये इंटर मिलानचा प्रशिक्षक जोसे मोरिन्यो याने घानाच्या सुली मुंटारीला अर्ध्या तासात मैदानाबाहेर काढले आणि रमजानमुळे तो थकला असे जाहीर सांगितले. त्याच वर्षी जर्मनीतल्या दुसऱ्या श्रेणीच्या एफएसव्ही फ्रँकफर्ट क्लबने न कळवता रोजे धरले म्हणून तीन खेळाडूंना ताकीद दिली. त्यावर जर्मनीतल्या मुस्लिमांच्या केंद्रीय परिषदेने फुटबॉल संघटनेशी चर्चा केली, कैरोच्या अल-अझहरचे मत मागवले, आणि २०१० मध्ये असे ठरले की ज्याची उपजीविकाच खेळावर आहे तो सामन्यांच्या काळात रोजा पुढे ढकलू शकतो. धर्मशास्त्र, कामगार कायदा आणि क्लबचा करार हे तिन्ही एका टेबलावर बसल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच. पण त्यातही एक उणीव राहते. खेळाडूला न धरण्याची मुभा मिळाली. ज्याला धरायचा आहे त्याचे काय?

त्याचे उत्तर आधी खेळाडूंनीच, जरा चलाखीने शोधले. २०१८ च्या विश्वचषकाआधी ट्युनिशियाचे सराव सामने रमजानात आले. पोर्तुगाल आणि तुर्कस्तान या दोन्ही सामन्यांत गोलरक्षक मुएझ हसन बरोबर सूर्यास्ताच्या वेळी दुखापत झाल्यासारखा मैदानावर आडवा झाला. त्याच्यावर उपचार चालू असताना बाकीचे खेळाडू कडेला जाऊन खजूर खाऊन पाणी प्यायले. दोन्ही सामने २-२ असे बरोबरीत सुटले. हसू येते, पण विचार करा : दोन मिनिटांच्या पाण्यासाठी राष्ट्रीय संघाला खोटी दुखापत करावी लागली.

तीन वर्षांनी ते उघडपणे झाले. २६ एप्रिल २०२१ रोजी लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस यांच्या सामन्यात, दोन्ही कर्णधार आणि पंच यांनी आधीच ठरवल्याप्रमाणे, अर्ध्या तासाच्या सुमारास पॅलेसच्या गोलरक्षकाने गोल किक घ्यायला थोडा वेळ लावला आणि लेस्टरचा वेस्ली फोफाना व पॅलेसचा शेखू कुयाते यांनी रोजा सोडला. प्रेक्षकांतल्या अनेकांना ते कळलेही नसते. पुढच्या वर्षी जर्मनीत ऑग्सबुर्ग-माइंत्स सामन्यात पंचाने माइंत्सच्या मूसा नियाखातेसाठी खेळ थांबवला. २०२३ पासून इंग्लंडमध्ये पंचांना तशा सूचनाच आहेत. फ्रान्सच्या महासंघाने मात्र त्याच वर्षी उलट आदेश काढला : राज्य आणि धर्म वेगळे, म्हणून रोज्यासाठी खेळ थांबणार नाही. दोन्ही देश स्वतःला निःपक्षपाती म्हणवतात. एकाच्या मते निःपक्षपात म्हणजे सर्वांना सामावून घेणे, दुसऱ्याच्या मते कोणासाठीच न थांबणे. घटनेतल्या धर्मनिरपेक्षतेवर निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला यापेक्षा नेमके उदाहरण क्वचित मिळेल.

हा प्रश्न एकाच धर्माचा नाही हेही इथे नोंदवून ठेवू. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्कॉटलंडचा एरिक लिडेल शंभर मीटरच्या फेऱ्या रविवारी असल्याने त्यात धावला नाही. चारशे मीटर धावला आणि सुवर्णपदक जिंकला. १९६५ मध्ये अमेरिकेचा बेसबॉलपटू सँडी कूफॅक्स योम किप्पूरच्या ज्यू उपवासामुळे वर्ल्ड सीरिजचा पहिला सामना खेळला नाही. दोघांचेही वेळापत्रक बदलले नाही, बदलले ते खेळाडू.

आपल्याकडे

भारतात भार अजून बहुतांशी व्यक्तीवरच आहे आणि त्यात एक नवा भार मिसळला आहे, पाहणाऱ्यांचा. ४ मार्च २०२५ रोजी दुबईत चॅम्पियन्स करंडकाच्या उपांत्य सामन्यात मोहम्मद शमीने ऑस्ट्रेलियाचे तीन गडी बाद केले. गोलंदाजीच्या मधल्या काळात तो सीमारेषेवर पेय पिताना कॅमेऱ्यात दिसला. रमजान नुकताच लागला होता. दोन दिवसांनी बरेलीच्या एका मौलानांनी त्याला शरियतच्या दृष्टीने गुन्हेगार ठरवले. दुसऱ्या मौलानांनी आणि त्याच्या नातेवाइकांनी लगेच सांगितले की तो प्रवासात आहे, त्याला सवलत आहे. शमीने नियम मोडला नव्हता, आमलानेही मोडला नव्हता. एकाला न धरलेल्या रोज्याबद्दल शाबासकी मिळाली, दुसऱ्याला न धरलेल्या रोज्याबद्दल दूषण. १९८० मध्ये मोहम्मद शाहिदने दुपारी काय प्यायले हे सीमारेषेवर टिपणारा कॅमेरा नव्हता.

उलट दिशेचे चित्रही आहे. आयपीएलमध्ये रशीद खान आणि मोहम्मद नबी हे अफगाण खेळाडू रोजे धरून खेळले आणि २०२१ मध्ये हैदराबाद संघातल्या डेव्हिड वॉर्नर आणि केन विल्यमसन यांनीही त्यांच्याबरोबर एक दिवस रोजा धरून पाहिला. ते हौसेचे होते, पण सहकाऱ्याचा दिवस कसा जातो ते त्यांना कळले.

मोठ्या नावांच्या खाली खरा प्रश्न निवड चाचण्यांचा असतो. आंतरमहाविद्यालयीन संघाची निवड दुपारी तीन वाजता ठेवली, तर रोजा धरलेला मुलगा किंवा मुलगी बारा मिनिटांच्या धावण्यात मागे पडणार आणि निवड समितीच्या कागदावर फक्त अंतर लिहिले जाणार. त्या मुलाला आमला किंवा शमीसारखी प्रवाशाची सवलतही नाही. तो आपल्याच गावात, आपल्याच मैदानावर असतो. रात्री झोत असलेली मैदाने सगळीकडे नाहीत, तेव्हा सराव इफ्तारनंतर न्या असे सांगणे सोपे आहे आणि करणे कठीण. पण चाचणी सकाळी सातला घेणे, किंवा ईदनंतर आठवड्याने घेणे, याला पैसे लागत नाहीत. कॅलेंडर लागते. आमच्या महाविद्यालयाच्या संघात गेल्या काही वर्षांत फुटबॉल खेळणारे रोजेदार विद्यार्थी होते. सराव साडेसातनंतर ठेवला तेव्हा बाकीच्यांनाही तो सोयीचा वाटला, कारण एप्रिलच्या उन्हातून सगळेच सुटले.

आता पंचांगाकडे परत येऊ. बत्तीस वर्षांचा नियम लावला तर पुढची गाठ २०४४ साली आहे. त्या वर्षी रमजान २६ जुलैच्या सुमारास लागेल. पण त्याआधी एक तारीख भारतासाठी महत्त्वाची ठरू शकते. २०३६ चे ऑलिंपिक भरवण्याची इच्छा भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑलिंपिक समितीला कळवली आहे. आपल्याकडे जुलै-ऑगस्ट म्हणजे भर पावसाळा. दिल्लीचे २०१० चे राष्ट्रकुल खेळ म्हणूनच ऑक्टोबरमध्ये झाले होते. २०३६ साली रमजान ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात लागतो. वर दिलेल्या आकड्यांवरून ही तारीख विद्यार्थ्यांनी स्वतः काढून पाहावी : १४ जुलै १९८० पासून अठ्ठावन्न चांद्र वर्षे पुढे मोजायची.